मुलांना गॉथिक शिकवायचंय? आधी भिंत, मग रंगीत काच

स्टेन्ड ग्लासचा प्रोजेक्ट म्हटलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर मुलांना काळा कागद द्यायचा, त्यात चार भोकं पाडायची, मागून रंगीत जिलेटीन चिकटवायचं, खिडकीला लावायचं आणि फोटो काढायचे. छान दिसतं, वाईट काहीच नाही त्यात. पण त्यातून मुलांना गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या युरोपातली चर्चं बांधायची शैली, काय असते ते कळत नाही, फक्त एवढंच कळतं की चर्चमध्ये रंगीत काचा असतात. आता विचार करा, अख्खी दगडी इमारत, तीस-पस्तीस मीटर उंचीवर दगडाचंच छत आणि बाजूला भिंत म्हणून जवळजवळ नुसती काच, मग हे छत उभं कशावर आहे? हा प्रश्न मुलांच्या डोक्यात आधी यायला हवा आणि रंग त्यानंतर. म्हणून इथे क्रम असा ठेवलाय की आधी वजन, मग कमान, मग चौकट आणि सगळ्यात शेवटी काच.

साधारण ८ ते १३ वयाची मुलं धरलीयेत. दोन दुपारी लागतील, एकाच दिवसात उरकायला जाऊ नका, कारण कटिंगपर्यंत मुलं दमतात आणि मग रंगांचं काम घाईत होतं, जे खरं तर निवांत करायचं काम आहे.

सामान

काळी कार्डशीट (ए-४ चालेल, जरा जाड घ्या), रंगीत जिलेटीन पेपर, पतंगाचा कागद, एखाद-दोन बटर पेपर, ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) असेल तर उत्तम, ग्लू स्टिक, डबल टेप, काळा परमनंट मार्कर, कंपासपेटी, कात्र्या, मोठ्यांसाठी पेपर कटर आणि खाली घ्यायला जाड पुठ्ठा. शिवाय सुतळीचा गुंडा आणि खडू, ते कशाला ते पुढे येईल. फेविकॉल मुद्दाम लिहिलेला नाही, जिलेटीनला फेविकॉल लावला की त्यातल्या पाण्याने सुरकुत्या पडतात आणि वाळल्यावर पांढरट डाग दिसतात. जिलेटीनला ग्लू स्टिक नाहीतर डबल टेपच.

खऱ्या काचा आणि शिशाच्या पट्ट्या लहान मुलांच्या हातात द्यायच्या नाहीत, काच कापते आणि शिसं विषारी असतं. बाटलीतले ग्लास कलर वापरायचे असतील तर पाण्यावर चालणारे घ्या, दुसरे जे असतात त्यांचा वास बंद खोलीत डोक्यात जातो.

पायरी १ : गोष्ट, पण थोडक्यात

दहा मिनिटांच्या वर बोलू नका. सांगायचं एवढंच की बाराव्या शतकाच्या आधी युरोपातली मोठी चर्चं म्हणजे जाडजूड भिंती, अर्धगोल कमानी आणि लहान लहान खिडक्या, त्यामुळे आत अंधार. मग पॅरिसच्या उत्तरेला सां-दनी नावाच्या मठात सुजेर नावाच्या मठाधिपतीने गाभाऱ्याकडचा भाग नव्याने बांधून घेतला, ११४४ मध्ये तो पूर्ण झाला आणि तिथे पहिल्यांदा टोकदार कमानी, दगडी फासळ्यांचं छत (फासळ्या म्हणजे छताच्या खालून जाणाऱ्या बारीक दगडी कमानी) आणि मोठ्या रंगीत खिडक्या हे सगळं एकत्र आलं. उजेड म्हणजे देवाकडे जायची वाट अशी त्या माणसाची श्रद्धा होती, म्हणून त्याला खिडक्या मोठ्या हव्या होत्या. पुढच्या शंभर वर्षांत ते वेड फ्रान्सभर पसरलं. फ्रान्समधल्याच शार्त्र गावचं चर्च ११९४ मध्ये जळालं आणि पुढच्या तीसेक वर्षांत जवळजवळ पूर्ण नव्याने उभं राहिलं, तिथल्या बऱ्याचशा काचा अजून त्याच काळातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथल्या खिडक्या काढून सुरक्षित जागी हलवल्या होत्या आणि नंतर परत बसवल्या, हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात की एवढ्या मोठ्या काचा काढल्या कशा, तर उत्तर असं की त्या मोठ्या नसतातच, तुकड्यातुकड्यांच्या असतात. तो धागा पुढे लागणार आहे.

पॅरिसचं सँत-शापेल हे चर्च सांगायचं असेल तर ते आकड्यांनी सांगा. नवव्या लुई राजाने बांधून घेतलेलं, १२४८ मध्ये वापरात आलं, वरच्या मजल्यावर १५ खिडक्या, त्यातल्या मोठ्या साधारण १५ मीटर उंच. पंधरा मीटर म्हणजे आपल्याकडच्या पाच मजली बिल्डिंगएवढी एक खिडकी. मुलांना गच्चीकडे बघायला सांगा, पुरेसं आहे.

पायरी २ : वजन अंगावर घ्यायचं

ही पायरी गाळू नका, सगळा लेख या पायरीसाठी लिहिलाय म्हटलं तरी चालेल.

एकाच उंचीची दोन मुलं समोरासमोर उभी करा. दोघांनी हात वर करून तळवे एकमेकांना टेकवायचे आणि हळूहळू पाय मागे नेत एकमेकांवर रेलायचं. झाली कमान. आता तिसऱ्याने वरून त्यांच्या हातांवर हलकंसं दाबायचं (हलकंसं!). काय होतं? पाय मागे घसरतात. मोजे घालून फरशीवर केलं तर फारच लवकर घसरतात आणि जाम हसतात सगळे. इथे थांबून विचारायचं की वजन खाली गेलं का बाजूला गेलं? पोरं स्वतःच सांगतात, बाजूला.

आता आणखी दोन मुलं त्या दोघांच्या टाचांना पाठ लावून खाली बसवा. परत दाबा. या वेळी कमान हलत नाही. ही बसलेली मुलं म्हणजे टेकू, इंग्रजीत ज्याला बट्रेस म्हणतात ते. मग या मुलांना उठवा आणि हातभर लांब उभं करून लांबूनच हात पुढे काढून कमानीतल्या मुलांच्या पाठीला रेटा द्यायला सांगा. हा झाला फ्लाइंग बट्रेस, टेकू इमारतीपासून लांब आणि मध्ये नुसता हात. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे मागून काढलेले फोटो या क्षणी दाखवायचे, त्याआधी नाही. एरवी ते दगडी हात मुलांना नक्षी वाटतात, आता त्यांना ते हात वाटतात.

मग मुख्य प्रश्न. कमानीतल्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवा आणि विचारा, इथे जर भिंत असती तर ती काय काम करत होती? वर छत आहे, त्याचं वजन दोन बाजूंनी पायांत गेलं, बाजूचा रेटा टेकूने घेतला, मग भिंतीला काम काय उरलं? काही नाही. मग काढून टाका भिंत आणि लावा काच. एखादं मूल हे तुमच्या आधी बोलतं आणि बोललं तर त्याला बोलू द्या, तुम्ही घाई करून सांगून टाकू नका.

एक पुरवणी प्रयोग आहे, तोही लगेच करून घ्या. त्याच दोन मुलांना आता पाय जवळ ठेवून जवळजवळ उभंच राहायला सांगा, नुसते तळवे टेकवून. दाबलं तरी घसरणं कमी. म्हणजे कमान जितकी उभट तितका बाजूचा रेटा कमी, टोकदार कमानीचा एक फायदा हाच. गर्दी करायला जागा नसेल तर कार्डशीटची पट्टी वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये बसवा आणि वरून बोटाने दाबा, पुस्तकं सरकतात, मग जाड डिक्शनऱ्या लावा की थांबतात. पण अंगाने केलेलं जास्त लक्षात राहतं.

पायरी ३ : टोकदार कमान काढणं

कागदावर आडवी १० सेंटिमीटरची रेघ. कंपासमध्ये १० सेंटिमीटरच अंतर घ्यायचं. टोक डाव्या बिंदूवर ठेवून उजव्या बिंदूपासून वर कंस काढायचा, मग टोक उजव्या बिंदूवर ठेवून डावीकडून. दोन कंस जिथे भेटतात ते शिखर. उंची पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येते. रेघेच्या दोन्ही टोकांपासून खाली १५-१६ सेंटिमीटर सरळ रेघा ओढल्या की झाली खिडकी, ए-४ वर बरोबर मावते.

आता त्याच १० सेंटिमीटरवर अर्धवर्तुळ काढायला लावा. उंची किती? ५. आणि ६ सेंटिमीटरच्या रेघेवर? ३. अर्धवर्तुळाची उंची रुंदीला बांधलेली असते, ती तुम्ही ठरवू शकत नाही. टोकदार कमानीत मात्र कंपासचं टोक रेघेवरच, पण बाहेरच्या बाजूला सरकवत नेलं तर कमान उंच उंच होत जाते आणि आत घेतलं तर बसकी. म्हणजे रुंद आणि अरुंद अशा दोन कमानींची शिखरं एकाच उंचीला आणता येतात. छताच्या चौकटी काही सगळ्या बाजूंनी सारख्या नसायच्या, लांबीला वेगळ्या आणि रुंदीला वेगळ्या, तरी वर छत मात्र एका पातळीत हवं, तो गुंता या कमानीने सुटला. पाचवी-सहावीच्या वरच्या मुलांना हे स्वतः काढून बघायला आवडतं, लहानांना सोडून द्या.

एखादा हुशार पोरगा इथे हमखास विचारणार की बीबी का मकबऱ्याला पण अशाच टोकदार कमानी आहेत, मग तो गॉथिक का? नाही. टोकदार कमान इस्लामी बांधकामात गॉथिकच्या कितीतरी आधीपासून होती. गॉथिकमध्ये ती कमान, फासळ्यांचं छत आणि बाहेरचे टेकू असे तिघं एकत्र काम करतात.

पायरी ४ : चौकट

खिडकीच्या आत मधोमध १ सेंटिमीटरची उभी दगडी पट्टी ठेवा, म्हणजे दोन बाजूंना साडेचार-साडेचारच्या दोन उंच खिडक्या झाल्या, त्यांनाही वर तशीच छोटी टोकदार कमान, कंपासमध्ये साडेचार घेऊन. वर जी जागा उरते तिथे साधारण २ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ, केंद्र कमानीच्या बुडापासून पावणेपाच सेंटिमीटर वर, म्हणजे सगळीकडे पट्टीपुरती जागा राहते. दोन उंच खिडक्या आणि वर एक गोल, ही जोडी फ्रान्समधल्या चर्चांत इतक्या वेळा दिसते की एकदा हाताने काढली की मुलं फोटोत ओळखायला लागतात.

काळ्या कार्डशीटवर ही चौकट छापून घ्या आणि कापा. दहाच्या खालच्या मुलांना कटर द्यायचा नाही, त्यांच्यासाठी कार्डशीट उभी दुमडून कात्रीने अर्धी कमान कापायची आणि मधल्या पट्ट्या वेगळ्या कापून चिकटवायच्या. मोठ्यांना कटर द्या पण बोटं पट्टीच्या मागे, पुठ्ठा खाली आणि तुम्ही शेजारी. वर्तुळ कटरने कापणं सगळ्यात अवघड, ते तुम्हीच करून दिलं तरी काही बिघडत नाही.

पायरी ५ : चित्र आणि शिशाच्या रेघा

इथे बहुतेक मुलं आधी चित्र काढतात आणि मग त्यावर कशाही काळ्या रेघा मारतात. उलट करायला लावा. नियम एकच द्या, जिथे रंग बदलतो तिथे काळी रेघ. खऱ्या खिडकीत काचेचा प्रत्येक तुकडा एकाच रंगाचा असतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये शिशाची पट्टी येते. ती पट्टी आडवी कापली तर इंग्रजी एच आडवा पडल्यासारखी दिसते, दोन्ही बाजूंच्या खाचांत काचेच्या कडा बसतात आणि सांधे सोल्डरचा डाग देऊन जोडतात. म्हणजे ती रेघ नक्षी नाही, खिडकी तिच्यावरच टिकून आहे.

दुसरा नियम मोठ्यांसाठी, तुकड्याला आत घुसणारा टोकदार कोपरा नको. काच तशी कापायला गेलं की कोपऱ्यातून तडकते. त्यामुळे इंग्रजी एल सारखा तुकडा आला की त्याचे दोन करायचे. हा नियम पाळला की मुलांच्या चित्रांना आपोआप जुन्या खिडक्यांची ढब येते, सांगूनही पटत नाही इतका फरक पडतो.

चेहरा, बोटं, कपड्यांच्या चुण्या हे मात्र शिशाने होत नाही, ते त्या वेळचे कारागीर काचेवर गडद रंगाने काढून भट्टीत भाजून पक्कं करायचे. आपण जिलेटीनवर परमनंट मार्करने काढायचं. चेहऱ्यात नाक-डोळे चार रेघांत, जास्त नको.

आता विषय. संतांच्या गोष्टी कॉपी करायला लावू नका, मुलांना त्यात रस नसतो आणि नुसतं गिरवणं होतं. शार्त्रच्या खिडक्यांत खालच्या बाजूला एक भारी प्रकार आहे, तिथे पाव भाजणारे, चांभार, दगड घडवणारे, कातडी कमावून विकणारे अशी गावातली कामाची माणसं आपापल्या कामात दाखवलीयेत. तर मुलांना सांगा की खालच्या चौकटीत आपल्या गल्लीतला एक कारागीर किंवा दुकानदार, वर त्याची गोष्ट आणि गोष्ट खालून वर वाचायची, बऱ्याच जुन्या खिडक्या तशाच वाचतात. वडापाववाल्याची कढई, टेलरचं मशीन, इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री, सायकलच्या पंक्चरवाल्याचं पाण्याचं घमेलं. आमच्याकडे इस्त्रीवाला सगळ्यात जास्त जमतो, कारण इस्त्रीचा आकारच मुळात खिडकीसारखा टोकदार असतो आणि आतले निखारे लाल-पिवळे.

प्रत्येक ५-६ सेंटिमीटरवर एक आडवी काळी पट्टीही टाका. खऱ्या खिडकीत तिथे लोखंडी सळ्या असतात, वाऱ्याने काचेची चौकट पोटात येऊ नये म्हणून.

पायरी ६ : रंग

सगळे जिलेटीन आधी खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरून बघायचे, टेबलावर ठेवून रंग ठरवायचे नाहीत. टेबलावर लाल जिलेटीन एकदम झकास दिसतं आणि उजेडावर धरलं की काळपट. जुन्या कारागिरांनाही हीच अडचण होती, तांब्यापासून केलेली लाल काच इतकी गडद व्हायची की साध्या काचेवर तिचा पातळ थर देऊन चालवायचे. निळा कोबाल्टपासून, जांभळट मँगनीजपासून. पिवळ्याची गंमत नंतरची, चौदाव्या शतकात चांदीपासून केलेला लेप काचेवर भाजून पिवळा आणायला शिकले आणि पहिल्यांदाच एका तुकड्यात दोन रंग आले, पांढऱ्या चेहऱ्याला पिवळे केस, मध्ये शिसं नको.

लाल आणि निळा शेजारी शेजारी आले की लांबून दोन्ही मिळून जांभळं दिसायला लागतं. शार्त्रमध्ये त्यांच्या मध्ये पांढऱ्या मण्यांसारख्या बारीक किनारी असतात. आपण तिथे बटर पेपरची ३-४ मिलिमीटरची पट्टी लावायची, कटकटीचं काम आहे, पण लावलेली आणि न लावलेली अशा दोन खिडक्या शेजारी धरल्या की मुलं स्वतःहून परत लावायला बसतात.

जिलेटीन की पतंगाचा कागद? जिलेटीनमधून रंग जमिनीवर पडतो, पतंगाच्या कागदातून पडत नाही पण खिडकी स्वतः मऊ उजळते. मी पार्श्वभूमीला पतंगाचा कागद आणि मुख्य आकृतीला जिलेटीन असं मिसळून घेते. चौकटीच्या मागे ओएचपी शीट लावून त्यावर तुकडे चिकटवले तर काम सपाट राहतं.

जाता जाता, कुणीतरी मुलांना सांगतंच की जुन्या काचा खाली जाड असतात कारण काच शेकडो वर्षांत हळूहळू ओघळते. ते खोटं आहे. त्या काळात काच फुंकून बनवायचे, त्यामुळे ती कुठे जाड कुठे पातळ अशीच व्हायची.

पायरी ७ : टांगणं

पूर्वेकडची खिडकी असेल तर सकाळी, पश्चिमेची असेल तर चारनंतर. खोलीतले दिवे बंद करा आणि बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढा, हे लोक विसरतात आणि मग म्हणतात रंग उठत नाहीत. आत अंधार असल्याशिवाय काच बोलत नाही. जमिनीवर पांढरी चादर टाकून रंगाचे ठिपके कुठे पडतात त्याभोवती पेन्सिलने खूण करायची, अर्ध्या तासाने परत बघायचं, ते सरकलेले असतात.

मग रात्री ट्यूब लावून त्याच खिडकीकडे आधी आतून आणि मग खाली रस्त्यावर जाऊन बाहेरून बघायला सांगा. आतून मेलेली, बाहेरून आकाशकंदिलासारखी. म्हणजे ही कला कोणासाठी आणि कुठून बघायची ते कळलं. त्या चर्चांच्या काचा दिवसा बाहेरून काळ्याकुट्ट दिसतात, परदेशातले नातेवाईक फोटो पाठवतात त्यात कधी कधी तेच असतं.

मोठा ग्रुप असेल तर रोझ विंडो, म्हणजे फुलासारखी गोल खिडकी

नोत्र दामच्या दक्षिणेकडच्या गोल खिडकीचा व्यास साधारण १३ मीटर, २०१९ च्या आगीतून तिथल्या तिन्ही रोझ विंडो वाचल्या आणि चर्च डिसेंबर २०२४ मध्ये परत उघडलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका मुलाने सुतळीचं टोक धरून मध्ये उभं राहायचं, दुसऱ्याने साडेसहा मीटरवर खडू धरून फिरायचं. वर्तुळ पूर्ण झालं की सगळ्यांना आत उभं करा. सगळी मुलं आत मावतात, गाड्याही मावतात, वॉचमनकाका कटकट करतील तर आधी विचारून घ्या.

मग कार्डशीटवर हेच लहान, ३० सेंटिमीटर त्रिज्येचं. त्याच त्रिज्येने परिघावर खुणा करत गेलं की बरोबर सहा भाग होतात, हे मुलांना कंपासपेटीतल्या फुलामुळे माहीत असतंच. प्रत्येक भाग अर्धा केला की बारा. शार्त्रच्या तिन्ही रोझ विंडो बाराच्या हिशोबावर आहेत. एकेका मुलाला एकेक पाकळी द्या आणि आपसात फक्त एवढं ठरवू द्या की कडेची पट्टी सगळ्यांची सारख्या जाडीची, नाहीतर जोडताना भांडणं.

मग फिरायला

हे सगळं झाल्यावरच न्या, आधी नको. मुंबईत सीएसएमटीच्या जुन्या तिकीट हॉलमध्ये वर बघितलं की फासळ्यांचं छत आणि टोकदार कमानी, बाहेर दगडात कोरलेले प्राणी, त्यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. इमारत १८८८ ची, स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टची. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर दिसतो, १८७८ चा, आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट लंडनमधूनच नकाशे पाठवायचा, भारतात आलाच नाही. शेजारच्या मुंबई विद्यापीठाच्या कॉन्व्होकेशन हॉलला गोल खिडकी आहे, आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, जे १८५८ चं, आत बसून काचा नीट बघता येतात. सगळीकडे वेळा आधी विचारून जा. गोव्याला जाणार असाल तर जुन्या गोव्यातली मोठी चर्चं गॉथिक नाहीत हे आधीच सांगा, साळगावचं पांढरं चर्च मात्र गॉथिक धाटणीचं आहे, १८७३ चं.

आणि मुंबईचं हे गॉथिक मूळ फ्रेंच गॉथिकनंतर सहा-सातशे वर्षांनी आलंय, इंग्रजांनी ती जुनी फॅशन परत आणली होती, त्यात उन्हापावसासाठी व्हरांडे जोडले. मुलांच्या हातात एक कागद द्या आणि तीनच गोष्टी शोधून काढायला सांगा : टोकदार कमान, फासळी, टेकू. टेकू शोधताना ती इमारतीच्या बाहेरच्या बाजूला जातात आणि तिथे बराच वेळ थांबतात, तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या बरोबर असू द्या.